अपस्माराची गोळी संपण्याआधी

(राष्ट्रीय अपस्मार दिनाच्या निमित्ताने दिवाळे, नवी मुंबई येथे ग्रामस्थांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



17 नोव्हेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. मी वैद्य नाही. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्रात आलो आणि तीस वर्षे तेथेच आहे. त्यामुळे या आजारावर उपचार सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही, तो डॉक्टरांचा. मी आज एका साध्या, पण फारशा न बोलल्या जाणाऱ्या प्रश्नावर बोलणार आहे. ज्याला रोज न चुकता गोळी घ्यावी लागते, त्याला ती मिळेनाशी झाली तर त्याने आणि त्याच्या घराने काय करावे?

अपस्मार म्हणजे आपण ज्याला फेफरे, मिरगी, आकडी म्हणतो आणि आता सर्रास ‘फिट येणे’ म्हणतो तो आजार. चरकसंहितेत त्याला दोन ठिकाणी स्वतंत्र अध्याय दिलेला आहे, निदानस्थानात आठवा आणि चिकित्सास्थानात दहावा. म्हणजे लक्षणे पाहून, कारण शोधून औषध देण्याचा हा विषय आहे, हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच मान्य केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे आणि त्यातील जवळजवळ 80 टक्के लोक आपल्यासारख्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान होऊन योग्य औषध मिळाले, तर त्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात, असेही ही संघटना सांगते. भारतात निरनिराळ्या ठिकाणी झालेल्या पाहण्यांचा मेळ घातला तर हजार माणसांमागे पाच ते सहा रुग्ण असे प्रमाण निघते. आपल्या आळीची लोकसंख्या मनात आणा आणि हिशेब करा. तुम्हाला माहीत असलेल्या रुग्णांपेक्षा तो आकडा मोठा निघेल. उरलेले कोठे आहेत, याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी गोळीचे काम समजून घेऊ. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ही गोळी आजार मुळापासून काढून टाकत नाही. मेंदूतील विद्युत् व्यवहार एकाएकी बेबंद होऊ नये, म्हणून ती रोज पहारा देते. त्यासाठी रक्तात तिचे प्रमाण सतत एका पातळीवर राहावे लागते. गोळी बंद झाली की काही औषधांची पातळी एक-दोन दिवसांत, काहींची आठवड्याभरात उतरते. दोन वर्षे झटका आलेला नाही, तेव्हा आठ दिवस गोळी नसली तर काय बिघडते, असा विचार घरोघरी होतो. परंतु झटका आलेला नाही याचे कारण बहुधा ती गोळीच असते. ती एकाएकी थांबली तर झटके परत येतात आणि कित्येकदा पूर्वीपेक्षा जोराने येतात. फेनोबार्बिटोन, म्हणजे आपल्याकडे गार्डिनाल नावाने ओळखली जाणारी जुनी गोळी, आणि क्लोबाझाम या दोन औषधांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा एकातून शुद्धीवर येण्यापूर्वीच दुसरा आला, तर ती जिवावर बेतणारी अवस्था समजावी.

आता हे दिवाळ्यात आणून पाहा. येथील कित्येक घरांची चूल खाडीवर पेटते. झटका जेट्टीवर आला तर कपाळाला खोक पडेल. होडीत एकट्याला आला तर माणूस जाईल. मासळी कापणाऱ्या मावशींच्या पायाशी दिवसभर उभी विळी असते. त्यामुळे या गावात गोळी चुकणे आणि एखाद्या कार्यालयात खुर्चीवर बसून काम करणाऱ्याची गोळी चुकणे, यांची किंमत सारखी नाही. ज्याचे झटके पूर्ण आटोक्यात आलेले नाहीत त्याने एकट्याने होडीवर जाऊच नये. आणि ज्याची गोळी काही कारणाने चुकली आहे, त्याने ती पुन्हा सुरळीत होऊन डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत किनाऱ्यावरचे काम करावे. जाळी विणायला, दुरुस्त करायला माणूस लागतोच की!

टंचाई म्हटली की आपल्यासमोर औषधाच्या दुकानातील रिकामे फडताळ येते. परंतु या विषयासाठी मी ज्या कुटुंबांशी बोललो, त्यांतील बहुतेकांची गोळी चुकली तेव्हा ती दुकानात होती. घरात नव्हती. कुठे पैसे नव्हते, कुठे आणणारा माणूस आजारी होता, कुठे पाऊस होता. 26 जुलै 2005 आपण कोणी विसरलेलो नाही. त्या एका दिवसात सांताक्रूझला 944 मिलीमीटर पाऊस झाला. ज्यांच्या घरात त्या दिवशी शेवटची गोळी होती, त्यांना दुकान कोठे गाठता आले असते? तसे मोठे संकट कशाला हवे? 30 मे 2017 रोजी औषधविक्रेत्यांनी देशभर एक दिवसाचा बंद पाळला, 28 सप्टेंबर 2018 रोजी पुन्हा पाळला. तोंडावर आलेला बंद ठाऊक असूनही आदल्या दिवशी गोळी न आणलेली घरे असतातच.

आणि पुष्कळ घरांत लपवाछपवी असते. मघाशी विचारलेले ते न दिसणारे रुग्ण येथे आहेत. ठाणे जिल्ह्यातील एका सुनेची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. लग्नाच्या वेळी माहेरच्यांनी आजार सांगितला नाही. सासरी आल्यावर ती गोळ्यांच्या पट्ट्या तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवी. माहेरी जाई तेव्हा महिना-दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन येई. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. माहेर बंद झाले. औषधांची दुकाने उघडी होती, नवरा रोज भाजीला बाहेर पडत होता, पण त्याला सांगायचे कसे? तिने रोजच्या दोन गोळ्यांची एक केली, मग दिवसाआड एक केली आणि मे महिन्यात शेगडीपाशी पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. डॉक्टरांसमोर सगळे उघड झाले. सासूबाई बोलायचे ते बोलल्या. पण पुढच्या महिन्यापासून गोळी आणण्याचे काम त्यांनीच अंगावर घेतले, कारण त्यांना एक उमगले होते: हे आधी कळले असते तर गोळ्या दारात होत्या. त्या घरातली टंचाई कोणत्याही कारखान्याने निर्माण केलेली नव्हती.

हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्यात विवाहाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. वारंवार झटके येणाऱ्या व्यक्तीचा विवाह रद्द ठरवता येत असे. 1999 साली संसदेने दुरुस्ती करून तो शब्द काढून टाकला. वधूवरसूचनेच्या बैठकीत मात्र तो अजून शाबूत आहे. लग्नाआधी आजार सांगावा, औषध सांगावे आणि समोरच्यांनी तो मधुमेहासारखा ऐकावा. ज्यांना मूल हवे आहे अशा भगिनींनी तर आधीच डॉक्टरांशी बोलावे. कारण सोडियम व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते आणि ते बदलायचे असेल तर गर्भ राहण्यापूर्वी, हळूहळू बदलावे लागते. भीतीने परस्पर गोळी बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

साठा किती असावा? माझ्या माहितीतील डॉक्टर सांगतात की, चालू महिन्याच्या गोळ्यांखेरीज निदान पंधरा दिवसांच्या, जमल्यास महिन्याभराच्या गोळ्या घरात शिल्लक असाव्यात. आता तुम्ही म्हणाल, पत्रकारसाहेब, महिन्याच्या आगाऊ गोळ्यांचे पैसे आणायचे कोठून? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर तुमच्याच पंचांगात आहे. तुमच्याकडे उधाण असते आणि भांग असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात डोलीला मासळी मिळते, अष्टमीच्या आसपास भांगात जाळे रिकामे येते. उधाणाला हातात पैसा असतो तेव्हा एक पट्टी जास्तीची घ्यावी. दोन-तीन महिन्यांत महिन्याचा साठा आपोआप जमतो. पावसाळी मासेमारीबंदीपूर्वी तर मे महिन्यातच गोळ्यांची बेगमी करावी, जशी आपण सुक्या बोंबलांची करतो. भिंतीवर कालनिर्णय असतेच. गोळी घेतली की तारखेवर खूण, आणि पट्ट्या संपण्याच्या पंधरा दिवस आधीच्या तारखेला गोल. जुनी पट्टी आधी वापरायची, नवी मागे ठेवायची. नाही तर साठाच मुदतबाह्य होतो.

साठ्याबरोबर साठवणही आली, आणि खाडीकाठच्या दमट घरात हा मुद्दा किरकोळ नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतील ओल फार पटकन शोषून घेते. कार्बामाझेपिनची गोळी दमट जागी राहिली तर तिचा गुण एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो, असे आढळलेले आहे. म्हणजे माणूस गोळी नेमाने घेतो आणि तरी त्याला झटका येतो. तेव्हा गोळ्या पट्टीतून काढून बाटलीत भरू नयेत. पट्टी तशीच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, न्हाणीघर आणि चुलीपासून दूर ठेवावी.

घर सावध असले तरी बाजार दगा देतो. तो का देतो, हे मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण येथे माझ्या व्यवसायाचा काही उपयोग आहे.

गोळी भारतात तयार होते. ती जगभर जाते आणि त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पण गोळीतील मूळ औषधी द्रव्य, ज्याला या धंद्यात बल्क ड्रग म्हणतात, त्याच्या आयातीतला सुमारे दोन तृतीयांश वाटा चीनचा आहे. तेथे एखादा कारखाना प्रदूषणाच्या कारणाने बंद झाला किंवा बंदरात माल अडकला, तर काही महिन्यांनी बेलापूरच्या दुकानात गोळी मिळत नाही. 2020 च्या प्रारंभी चीनमध्ये कोरोनाची साथ पसरली तेव्हा ही नस किती नाजूक आहे ते सर्वांना दिसले. त्याच मार्चमध्ये केंद्र सरकारने मूळ औषधी द्रव्ये देशात तयार व्हावीत म्हणून सुमारे 6,940 कोटी रुपयांची उत्पादन-प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिच्या 41 उत्पादनांच्या यादीत अपस्मारावरील तीन औषधे आहेत: कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन आणि लेव्हेटिरॅसिटाम. स्वदेशीचा आग्रह म्हणजे केवळ साबण आणि टूथपेस्ट, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही यादी जरूर पाहावी. कारखाना उभा राहायला वर्षे लागतात आणि चिनी मालाच्या भावाशी टक्कर देत तो टिकवणे त्याहून अवघड, हेही खरे.

दुसरे कारण किमतीचे. अपस्मारावरची औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. फेनोबार्बिटोन 1912 पासून वापरात आहे, फेनिटोइन 1938 पासून. फेनिटोइन म्हणजे तुमची एप्टॉइन. राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या 2022 च्या यादीत ही दोन्ही आहेत. कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरॅसिटाम आणि क्लोबाझामही आहेत. यादीतील औषधाची कमाल किंमत सरकार ठरवते. गरिबाच्या दृष्टीने हे उत्तमच. पण कच्चा माल महागला आणि किंमत गोठलेली राहिली तर निर्माता हळूच उत्पादन कमी करतो. 2021 साली नेमके हेच कार्बामाझेपिनपुढे येऊन ठेपले होते. राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने त्या वर्षी कार्बामाझेपिन, रॅनिटिडिन आणि आयबुप्रोफेन या तीन औषधांच्या नऊ प्रकारांच्या कमाल किमती एकदाच 50 टक्क्यांनी वाढवू दिल्या. तेव्हा ओरड झाली. माझ्या मते निर्णय योग्य होता. दोन रुपयांची गोळी तीन रुपयांना मिळणे, ती न मिळण्यापेक्षा बरे. कायद्याने आणखी एक संरक्षण आहे. यादीतील औषधाचे उत्पादन बंद करायचे असेल तर निर्मात्याला निदान सहा महिने आधी सरकारला कळवून जाहीर सूचना द्यावी लागते, आणि सरकार त्याला एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकते. ही सूचना दिवाळ्यापर्यंत कोण पोहोचवणार, हा मात्र आम्हा पत्रकारांना विचारण्याचा प्रश्न आहे.

तिसरे कारण कायद्याच्या बंधनांचे. फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझाम ही नशेसाठी दुरुपयोग होऊ शकणाऱ्या द्रव्यांच्या यादीत मोडतात. त्यामुळे दुकानदाराला चिठ्ठी आणि नोंदी काटेकोर ठेवाव्या लागतात. या कटकटीपायी कित्येक लहान दुकानदार ती ठेवतच नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली, परळच्या केईएमला जाणे संपले. दूरध्वनीवरून सल्ला देण्याची मुभा डॉक्टरांना त्याच मार्चमध्ये मिळाली, पण या यादीतील औषधे तशी लिहून देण्यास सुरुवातीला मनाई होती. पुढे काही औषधांना सवलत मिळाली. मधल्या काळात ज्यांच्याकडे छापील चिठ्ठी होती ते तरले.

सरकारी रुग्णालयांचे दुखणे वेगळे. राज्यात 2017 पासून औषधखरेदी हाफकिन महामंडळामार्फत एका ठिकाणी होऊ लागली. हेतू चांगला होता, पण विलंबाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की 2023 साली विधिमंडळाने स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. निविदा लांबली की खिडकीवर ‘बाहेरून आणा’ असे उत्तर मिळते. त्यावर चिडून घरी परतू नका. चिठ्ठीवर ‘उपलब्ध नाही’ असा शेरा मागून घ्या. तो पुढे तक्रारीला कामाला येतो.

आपल्याकडेच असे होते असेही नाही. 2024 मध्ये ब्रिटनमधील रुग्णसंघटना अपस्माराच्या गोळ्या मिळत नाहीत म्हणून तेथील सरकारचे दरवाजे ठोठावत होत्या.

आता प्रत्यक्ष प्रसंग. दुकानदार म्हणाला, “ही गोळी नाही, कधी येईल सांगता येत नाही.” तुमच्याकडे दहा दिवसांच्या गोळ्या आहेत. पहिली गोष्ट, त्या दहा दिवसांच्या वीस दिवस पुरवू नका. अर्ध्या मात्रेवर अर्धे संरक्षण मिळते असा हिशेब येथे चालत नाही. दुसरी गोष्ट, शेजारच्या आळीतील कुणाला फिट येते म्हणून त्याची गोळी उसनी आणू नका. आजाराचे नाव एक असले तरी औषधे निरनिराळी असतात, आणि एका प्रकारच्या झटक्याला चालणारे औषध दुसऱ्या प्रकारात झटके वाढवू शकते.

मग काय करायचे? चिठ्ठीवरच्या व्यापारी नावाखाली असलेले औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम आज घरी गेल्यावर वहीत उतरवून ठेवा. टेग्रिटाल हे दुकानातले नाव, औषध कार्बामाझेपिन. नाव ठाऊक असले की दुसऱ्या कंपनीची तीच गोळी मागता येते, प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रात विचारता येते. 2025 मध्ये देशातील या केंद्रांची संख्या 15 हजारांवर गेली आणि या आजाराची अनेक औषधे तेथे बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी दरात मिळतात.

मात्र कंपनी बदलताना थोडा विवेक हवा. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 2013 साली या औषधांचे तीन गट पाडले. फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन आणि प्रिमिडोन घेणाऱ्यांनी शक्यतो एकाच कंपनीची गोळी धरून राहावे. लेव्हेटिरॅसिटाम घेणाऱ्यांनी बदलली तरी सहसा बिघडत नाही. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्लोबाझाम वगैरेंबाबत डॉक्टरांनी रुग्ण पाहून ठरवावे. फेनिटोइनची गंमत अशी की, मात्रा थोडीशी वाढली तरी रक्तातील प्रमाण एकदम चढते. चालताना तोल जाणे, एकाची दोन दिसणे ही त्याची लक्षणे. कंपनी बदलल्यावर असे काही वाटले तर ‘नवीन गोळी गरम पडली’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. तरीही एक गोष्ट निःसंशय: दुसऱ्या कंपनीची तीच गोळी घेणे हे गोळी न घेण्यापेक्षा केव्हाही चांगले.

नावापुढची अक्षरेही वाचा. सीआर, क्रोनो असे लिहिलेली गोळी पोटात सावकाश विरघळते. ती मिळाली नाही म्हणून तितक्याच मिलिग्रॅमची साधी गोळी त्याच वेळेला घेणे बरोबर नाही. दिवसातून किती वेळा घ्यायची ते बदलावे लागते. सावकाश सुटणारी गोळी कुटून किंवा चावून तर कधीच घेऊ नये. लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. हे औषध अगदी लहान मात्रेपासून काही आठवडे चढवत न्यावे लागते, नाही तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतो. काही दिवसांचा खंड पडला आणि मग गोळी मिळाली, तर एकदम जुन्या मात्रेवर जाऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला जाल तेव्हा एक विनंती आवर्जून करा: “साहेब, ही गोळी मिळाली नाही तर काय घ्यायचे ते याच चिठ्ठीवर लिहून द्या.” दोन ओळींचे काम आहे. बेलापूर, वाशी, परळ कुठेही ती चिठ्ठी दाखवता येते. चिठ्ठीचे छायाचित्र घरातील दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. वाशीचे महापालिकेचे सार्वजनिक रुग्णालय, नेरुळचे मीनाताई ठाकरे रुग्णालय ही आपल्या हाताशी आहेत. औषध कुठेच मिळेना तर किंमत नियामक प्राधिकरणाच्या 1800 111 255 या निःशुल्क क्रमांकावर औषधाचे नाव, मात्रा आणि ठिकाण सांगून तक्रार नोंदवा. एका माणसाची तक्रार ही तक्रार असते. एकाच औषधासाठी वीस गावांतून तक्रारी आल्या की ती माहिती होते, आणि सरकारी यंत्रणा माहितीवर हलते.

टंचाईच्या दिवसांत दारावर येणाऱ्या पुड्यांपासून सावध राहा. ‘फेफरे मुळापासून बंद, गॅरंटीसह’ अशी जाहिरात करणे 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने गुन्हा आहे. अशा ‘वनौषधी’ भुकट्यांत चोरून फेनोबार्बिटोन मिसळलेले असल्याचे तपासण्यांत आढळले आहे. मात्रा किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि पुडी संपली की झटके उसळतात. आयुर्वेदाचे नाव सांगून चाललेली ही फसवणूक आयुर्वेदाचीच अधिक बदनामी करते. ज्यांना वैद्यांचे औषध घ्यायचे आहे त्यांनी पदवीधर वैद्यांकडून खुशाल घ्यावे, पण चालू गोळी न थांबवता आणि दोघांनाही सांगून.

एवढे करूनही कुणाला झटका आलाच तर? कांदा नको, चप्पल नको, तोंडात चमचा नको. आजूबाजूची विळी, शेगडी, दगड बाजूला करा. माणसाला एका कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर 108. पूर्वी असे दीर्घ झटके आलेल्यांच्या घरी नाकात फवारायचे मिडाझोलाम ठेवायचे का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणखी एक: शिमग्याचे, गणपतीचे जागरण आणि कडक उपास यांनी झटका ओढवतो. गोळीचा साठा कमी असेल त्या दिवसांत तर रात्रीची झोप मुळीच मोडू नका.

शेवटी, आज येथून उठण्यापूर्वी होऊ शकेल असे एक काम सुचवतो. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः या आजारातून जात रुग्णांचा आधारगट उभा केला, आज तो संवेदना फाउंडेशन म्हणून ओळखला जातो. तेवढे मोठे काही येथे लगेच हवे असे नाही. गावातील दोन विश्वासू व्यक्ती निवडा, एक बंधू आणि एक भगिनी. बायका बाईलाच सांगतील. त्यांच्याकडे एक वही असावी. तिच्यात रुग्णाचे नाव लिहूच नये. फक्त औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम आणि महिन्याला लागणाऱ्या गोळ्यांची एकूण संख्या लिहावी. ती बेरीज घेऊन बेलापुरातील एका औषधविक्रेत्याकडे जावे आणि सांगावे की, दिवाळ्याला महिन्याला या एवढ्या गोळ्या लागतात, त्या तुम्ही ठेवा, आम्ही तुमच्याकडूनच घेऊ. ठरलेले गिऱ्हाईक मिळाले की दुकानदार क्लोबाझामच्या नोंदींची कटकटही सोसतो आणि माल कमी येणार असेल तर पंधरा दिवस आधी निरोप धाडतो. तो निरोप आला की दोघांपैकी एकाने परळची खेप करायची आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र घेऊन जायच्या. प्रवासखर्च मंडळाने उचलावा. वही मी आणली आहे, ती येथे टेबलावर ठेवतो. पहिल्या पानावर औषधांची नावे लिहिलेली आहेत, पुढचा रकाना मोकळा आहे. सभा संपल्यावर ज्यांना थांबून बोलायचे असेल त्यांच्यासाठी मी आणि आपल्या आरोग्य केंद्रातील ताई मागच्या खोलीत बसणार आहोत.